मूठभर रेतीसाठी तांबडा समुद्र

पाथरीहून कुणी समुद्राच्या तळाशी जाऊन आल्याचं माझ्या तरी ऐकिवात नाही. मी जाऊन आलोय. पुरावा मागू नका. पुरावा नाही, आणि तो का नाही हेच सांगायला बसलोय.

मी भूगोलाचा मास्तर. तीस वर्षं फळ्यावर तांबडा समुद्र काढत आलो, तोही निळ्या खडूनं. दरवर्षी एखादं पोरगं विचारायचंच, "सर, तांबडा हाय तर निळा कामून काढलाव?" मी म्हणायचो, "परीक्षेला येत नाही ते विचारायचं नाही." तर असा तो समुद्र आपण स्वतः जाऊन बघावा, अशी माझी ज्ञानलालसा वगैरे होती, असं मी शाळेत सांगून दिवाळीच्या सुट्टीला जोडून रजा काढली. खरं कारण भूगोलाचं नव्हतं. खरं कारण विहिरीचं होतं.

वालूरला आमच्या शेतात वडिलांनी, आबांनी, बांधून घेतलेली विहीर होती. पावसाळ्यानंतर भरली की तिला सहा परस पाणी असायचं. परस म्हणजे माणूस उभा राहून हात वर करील तेवढी उंची. आमच्याकडं पोहणं शिकायच्या दोन पायऱ्या. पहिल्या पायरीत कमरेला रिकामा पत्र्याचा डबा बांधतात आणि पाठीत हात घालून आत ढकलतात. हातपाय मारून जिवंत राहिलात की डबा सुटतो. दुसरी पायरी म्हणजे बुडी मारून तळाचा गाळ मुठीत धरून वर यायचं आणि काठावर बसलेल्या मोठ्या माणसांपुढं मूठ उघडायची. गाळ दिसला तर तुम्ही पोहणारे. नाही तर नुसते भिजणारे.

थोरल्या भावानं, दादानं, दहाव्या वर्षीच गाळ काढला. मी बारा वर्षांचा झालो तरी निम्म्यात माझे कान ठणकायचे, खालचा अंधार दिसायचा आणि मी माघारी यायचो. शेवटी एके दिवशी सगळी भावकी काठावर असताना मी बुडी मारली, दीड परसावर कपारीत हात घातला, तिथली माती मुठीत घेतली, दगडाला धरून दम निघेल तेवढा वेळ काढला आणि वर आलो. मूठ उघडली. आबांनी बघितली, मान हलवली आणि म्हणाले, "झालं. सुटलास तू."

त्यानंतर मला कुणीच पुन्हा गाळ काढायला लावला नाही. उलट माझ्या लग्नात दादानं बायकोच्या माहेरच्यांना छाती फुगवून सांगितलं, "आमचा धाकटा सहा परसाचा गाळ काढलेला गडी हाय." बायको, सुनंदा, ही गोष्ट आजही येईल त्याला सांगते. मी शेजारी बसून चहा पितो.

यंदा उन्हाळ्यात दादाचा फोन आला. म्हणाला, "रस्ता आपल्या वावरातून जायलाय. हीर बुजवायलेत." मी "बरं" म्हणून फोन ठेवला आणि दोन दिवस मला अन्न गोड लागलं नाही. विहीर बुजली म्हणजे माझी लबाडी कायमची झाकली गेली. दुसऱ्या कुणाला आनंद झाला असता. मला मात्र एकदा, आयुष्यात एकदाच, सहा परस खाली जाऊन तळाला हात लावायचा होता, आणि आता हात लावायला तळच उरला नव्हता.

तेवढ्यात पुण्याहून मुलगी आली. तिनं फोनवर मैत्रिणीचा व्हिडिओ दाखवला. मैत्रीण पाठीवर हवेची टाकी बांधून समुद्रात माशांत फिरत होती. मी सहज विचारल्यासारखं विचारलं, "किती खोल असंल हे?"

"बारा मीटर, बाबा. पोहता न येणाऱ्यालापण नेतात."

मी मनातल्या मनात हिशेब मांडला. बारा मीटर म्हणजे सहा परस.

पाथरी : मोहिमेची आखणी

तुम्ही म्हणाल, मालवण काय वाईट होतं? वाईट काहीच नाही. पण दिवाळीच्या सुट्टीत निम्मा परभणी जिल्हा मालवणात असतो. तिथं मी निम्म्यातून माघारी आलो असतो तर माझ्याआधी बातमी पाथरीच्या स्टँडवर उतरली असती. मला असा समुद्र पाहिजे होता जिथं ओळखीचं कुणी भेटणार नाही.

आखणीचं काम शेजारच्या भुजंगरावांनी अंगावर घेतलं. भुजंगराव एसटीतून कंडक्टर म्हणून रिटायर झालेले. तिरुपतीच्या पलीकडं ते गेलेले नाहीत, पण स्वस्तात प्रवास या विषयावर त्यांचा शब्द शेवटचा. मुलीनं इंटरनेटवर चार ठिकाणं काढून दिली, त्यांनी चष्मा पुसून सगळी वाचली आणि इजिप्तमधल्या दहाब नावाच्या गावावर बोट ठेवलं. एका बाजूला वाळवंट, एका बाजूला तांबडा समुद्र.

"का दहाबच?" मी विचारलं.

"हितं होडी लागत न्हाई. काठावरून चालत समुद्रात शिरायचं. होडीचं भाडं वाचलं." सुनंदाही येणार म्हटल्यावर त्यांनी विचारलं, "एक टाकी दोघांत भागत न्हाई का? वैनी काय लय हवा घेणार न्हाईत."

बातमी फुटायला एक दिवस लागला. चहाच्या हॉटेलात मला बघून एक जण म्हणाला, "मास्तर, नळाला आठ दिसाला पाणी येतंय, अन् तुमी बुडायला इमानानं जायलाव?" दुसरा म्हणाला, "वाळवंटात पाणी कुठलं? फसवलंय कुणीतरी." तिसऱ्यानं विचारलं, "लोक दर्शनाला पाथरीला येतेत, अन् तुमी पाथरी सोडून मासे बघाया?" एकानं मात्र अगदी मनापासून विचारलं, "पोहणं येतंय की तुमाला, पुन्ना कामून शिकायलाव?" मी चहाचे पैसे ठेवून उठलो.

डायव्हिंगवाल्यांनी डॉक्टरचा दाखला मागितला होता. आमच्या डॉक्टरांनी माझ्या कानात बॅटरी मारली, छातीला नळी लावली, ब्लडप्रेशर बघितलं आणि खणातून छापील फॉर्म काढून सही-शिक्का ठोकला. घरी येऊन वाचलं तर त्यावर 'यात्रेस जाण्यास तंदुरुस्त' असं होतं. उंच डोंगरावरच्या देवांना जाणाऱ्यांसाठी त्यांनी गठ्ठा छापून ठेवलेला. मी परत गेलो तर म्हणाले, "वर चढायला चालतंय तर खाली उतरायला काय धाड भरली?"

सामानाचं खातं सुनंदाकडं. चिवडा, चकल्या, शंकरपाळे, शेंगदाण्याची चटणी, धपाटे, लसणाचा ठेचा. माझे कपडे एका पिशवीत आणि फराळ दोन बॅगांत. "तिकडं काय भेटतंय न भेटतंय," ती म्हणाली. बाजारातून मी पोहायचा चष्मा घेतला होता, तो चकलीच्या डब्यात सापडला, दहाबला पोचल्यावर.

दहाब : पहिला दिवस

विमानाचं काही सांगत नाही, विमानात सगळे सारखेच अवघडतात. उतरल्यावर गाडीनं दोन्ही बाजूंच्या उघड्या डोंगरांतून नेलं. आमच्याकडं मे महिन्यात माळ जसा दिसतो तसे, पण बाभळीचं एक झुडूपसुद्धा नाही. चालक पुन्हापुन्हा काचा वर करत विचारत होता, "हॉट? हॉट?" परभणीच्या माणसाला ऊन विचारतो! मी त्याला म्हणालो, "नो. प्लेझंट." त्यानं आरशातून माझ्याकडं जरा आदरानं बघितलं.

मग एकदम समुद्र दिसला. तांबडा कुठला, माझ्या खडूहून निळा. सुनंदानं काच खाली केली. मग तिला रस्त्यात एका घरापुढं पाइप सोडून उभा असलेला पाण्याचा टँकर दिसला.

"आवो बगा, एवढा समुद्र दाराशी, अन् प्यायचं पाणी टँकरनंच!" तिला इतकं बरं वाटलं की विचारू नका. परका मुलुख म्हणून जी धास्ती होती ती त्या टँकरनं घालवली. पुढं बाजारात मोकाट शेळ्या पुठ्ठे खाताना दिसल्या, तेव्हा तर ती घरीच आल्यासारखी चालू लागली.

जेवायला कोशरी नावाचा प्रकार मिळाला. भात, मसूर, वर शेवया आणि मॅकरोनी, त्यावर तळलेला कांदा आणि टमाट्याचं आंबट पाणी. म्हणजे पंगतीतलं उरलेलं सगळं एका ताटात केलं तर जे होईल ते. सुनंदानं पिशवीतून ठेचा काढून त्यात कालवला. हॉटेलवाला बघत होता, त्यालाही बोटभर दिला. तो पाणी प्यायला आत गेला तो बराच वेळ बाहेर आला नाही.

आमचा शिकवणारा महमूद. पन्नाशीचा, उन्हानं रापलेला, माझ्यासारख्याच मिशा. त्याचं इंग्रजी आणि माझं इंग्रजी यांची भेट होत नव्हती, पण आमच्याकडं निजामाच्या राज्यातून राहून गेलेले पुष्कळ शब्द त्याच्याकडंही निघाले. कुर्सी, साबण, संदूक, दुनिया, हवा. तेवढ्यावर भागत होतं. यात्रेचा दाखला त्यानं उलटसुलट बघितला, शिक्का बघून समाधान झालं नाही, म्हणून गावातल्या डॉक्टरकडं नेऊन आमचे कान पुन्हा तपासून घेतले.

काठावर त्यानं माझ्या कमरेला शिशाचा पट्टा बांधला. मी चरकलो. आमच्याकडं कमरेला बांधायचा तो डबा, तरंगायला. इथं शिसं, बुडायला.

मग त्यानं पहिला नियम सांगितला. "श्वास कधीही कोंडायचा नाही. कधीही नाही. सारखा घ्यायचा, सारखा सोडायचा." कोंडून वर आलात तर फुप्फुस फाटतं, असं त्यानं फुगा फुटल्याचा अभिनय करून दाखवलं. आता आली का पंचाईत! विहिरीतली सगळी विद्या म्हणजे दम कोंडणं. पाठीवर टाकी, तोंडात तिची नळी देऊन, कमरेएवढ्या पाण्यात गुडघ्यावर बसवून त्यानं माझं डोकं आत घातलं की माझा दम आपोआप बंद. छाती फुगायची आणि एवढं शिसं बांधूनही मी तरंगत वर. शिवाय डोळ्यांसकट नाक झाकणाऱ्या त्यांच्या चष्म्यात मिशांतून पाणी शिरत होतं. महमूदनं स्वतःच्या मिशांना व्हॅसलिन लावून दाखवलं. मीही लावलं, आणि शाळेच्या स्नेहसंमेलनातल्या खलनायकासारखा दिसू लागलो.

सुनंदाला आयुष्यात बादलीपेक्षा खोल पाणी माहीत नाही. त्या रबरी पोशाखात शिरायला तिला दोन बायकांची मदत आणि अर्धा तास लागला. पण पाण्यात बसली ती बसलीच. सूं आत, बुडबुडे बाहेर.

"तुला कसं जमतंय?" मी विचारलं.

"श्वास घ्या म्हणला, घेतला. त्यात काय करायचंय?"

दुसरा दिवस

दुसऱ्या दिवशी खरं उतरणं. काठावरून चालत, मग पोहत, मग दोरीला धरून खाली. पाच मीटरपर्यंत मी गेलो. कान ठणकायला लागले. महमूद नाक दाबून फुंकायची खूण करत होता, मला ते आठवत होतं, पण खाली निळ्याचं गडद निळं होत गेलेलं दिसलं आणि मी पुन्हा बारा वर्षांचा झालो. हाताशी कपार शोधू लागलो. कपार नव्हती. मी अंगठा वर केला, म्हणजे वर चला. महमूदनं मला मुकाट वर आणलं, दुसऱ्या शिकवणाऱ्याच्या हवाली केलं, आणि तो सुनंदाला घेऊन पुन्हा खाली गेला.

मी काठावर ओला बसून राहिलो. अर्ध्या तासानं ती आली, तोंडातली नळी काढायच्या आधीच बोलायला लागली. हिरवे मासे, पिवळे मासे, नाकाला शिंग असलेला मासा, सगळं आठवडी बाजारातून आल्यासारखं. माझं तोंड बघून थांबली.

"तुमी तर गाळ काढलेले. तुमाला काय झालं?"

तिथं, त्या परक्या काठावर, लाजेनं माझे कान इतके तापले की मी सगळं सांगून टाकलं. कपार, दीड परस, मूठ, सगळं. ती ऐकत राहिली. मग भडकली.

"म्हंजे तीस वर्षं मी खोटं सांगायले? माझ्या माहेरी? तुमच्या हेडमास्तरच्या बायकोला? गेल्या महिन्यात भिशीत सांगितलं मी!"

"मी कधी सांग म्हणलो?"

"अन् कधी नको म्हणलाव? शेजारी बसून चहा पेलाव!"

संध्याकाळी ती माझ्यापासून दोन खुर्च्या सोडून बसली. महमूदनं औषधी पाल्याचा गोड चहा पाजला, तोही तिनं माझ्याकडं पाठ करून घेतला. झोपायच्या आधी फक्त एवढं म्हणाली, "उद्या माझ्या हाताला धरा."

तिसरा दिवस

तिसऱ्या दिवशी मी तिच्या हाताला धरून उतरलो. लाज वाटण्याच्या पलीकडं गेलो होतो. दर हातभर खाली गेलं की ती माझ्याकडं बघायची आणि स्वतःचं नाक दाबून दाखवायची. मी दाबायचो. कानात टिक् व्हायचं आणि ठणका जायचा. हे एवढंच होतं. चव्वेचाळीस वर्षं ज्यानं मला माघारी फिरवलं ते एवढंच होतं, नाक दाबून फुंकलं की गेलं. कुणी सांगितलं असतं तर!

पाच मीटर गेले. आठ गेले. बाजूला प्रवाळाची भिंत, त्यावर माशांची जत्रा, मी बघितलीच नाही. मी खाली बघत होतो. निळ्यातून हळूहळू पांढरं दिसायला लागलं. महमूदनं हातावरचं खोली दाखवणारं घड्याळ पुढं केलं. बारा. माझे गुडघे रेतीत टेकले.

मग माझ्या हातानं जे केलं ते माझ्या डोक्यानं सांगितलेलं नव्हतं. हात रेतीत गेला, मूठ भरली, आणि मी दम कोंडून वरच्या उजेडाकडं पाय मारले. काठावर कुणीतरी बसलंय, त्यांना मूठ दाखवायचीय, असं वाटलं. महमूदनं माझा पाय धरून खाली ओढला. श्वास सोडायची खूण केली. मी सोडला. मग त्यानं माझ्या मुठीकडं बघितलं आणि बोट हलवलं, नाही. मी मूठ आणखी आवळली. त्यानं माझं एकेक बोट उलगडलं, मी वर्गात कॉपीची चिठ्ठी काढून घेतो अगदी तसं. रेती सावकाश खाली जाऊन बसली. माझा चष्मा आतून भरला. मिशांमुळं असेल असं महमूदला वाटलं, त्यानं पाणी काढायची खूण केली.

वर आल्यावर त्यानं समजावलं. इथून शिंपला न्यायचा नाही, प्रवाळ न्यायचं नाही, रेतीसुद्धा न्यायची नाही, कायदा आहे. विमानतळावर पकडतात. मी म्हणालो, चिमूटभर? तो म्हणाला, सगळ्यांनी चिमूटभर नेली तर?

मी सुनंदाकडं वळलो. "तू बघितलंस ना? मी हात लावला, बघितलंस?"

तिचा चेहरा पडला. "मी त्या पिवळ्या माशाकडं बघायलते, आवो."

वालूर

पाथरीला आल्यावर भुजंगरावांनी पहिला प्रश्न विचारला, "एका टाकीत दोघांचं भागलं का?" चहाच्या हॉटेलात विचारलं, पाणी किती खारट होतं. तळाचं कुणी विचारलं नाही, आणि कुणाला सांगावं असं मलाही वाटलं नाही. जायचं होतं ते वालूरलाच.

विहिरीच्या जागी मुरूम पडला होता आणि त्यावर रोलर फिरलेला. कुठं होती ते सांगता येणार नाही इतकं सपाट. दादा बांधावर बसला होता. मी शेजारी बसलो आणि आधी जुनं सांगितलं. कपारीचं. सांगताना त्याच्याकडं बघायची हिंमत झाली नाही.

दादा हसायला लागला. "आरं, आमाला ठाव हाय की ते."

"कधीपासून?"

"त्याच दिवशी. तळाचा गाळ काळा असतो, अन् वास मारतो. कपारीची माती पिवळी. तुझी मूठ पिवळी व्हती. काठावरच्या समद्यांनी बघितली. आबांनी बी."

"मंग कुणी बोललं कामून न्हाई?"

दादा म्हणाला, "तू कपडे घालायला गेलास, तवा आबा म्हणले, पोरगं लय भ्यालंय. आज मूठ भरून आलंय, राहू द्या. ह्याच्याम्होरं त्याला कुणी गाळ काढाया लावायचं न्हाई. अन् कुणी इचारलं तर काढलाय म्हणून सांगायचं."

मला वाटत होतं, मी सगळ्यांना फसवलंय. आबा जाऊन अठरा वर्षं झाली. त्यांच्यासमोर मी कितीदा ताठ मानेनं बसलो, आणि त्यांनी एकदा, चुकूनसुद्धा, हसून बघितलं नाही.

मग मी दादाला तांबडा समुद्र सांगितला. कान, नाक, शिशाचा पट्टा, सुनंदाचा हात, बारा मीटर, मूठ. तो बारकाईनं ऐकत होता.

"रेती कुठाय मंग?"

"काढून घेतली. तिथंच टाकाय लावली."

दादानं माझा हात ओढून घेतला, तळवा उलटसुलट करून बघितला, आणि मुरमावर थुंकून म्हणाला, "मंग खरंच गेलायस तू खाली. खोटं असतं तर मूठभर घिऊन आला असतास."